स्ट्रासबर्गला शिकायचं आणि केलमध्ये राहायचं? एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. वर्ग सप्टेंबरात सुरू होतील. कोर्स इंग्रजीत आहे, फ्रेंच जेमतेम ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं. ती विचारते: ऱ्हाईन नदीपलीकडच्या केल या जर्मन गावात खोली स्वस्त मिळते असं ऐकलंय, तिथं राहून ट्रामनं विद्यापीठात जाता येईल का? पार्टटाइम काम जर्मनीत केलं तर चालेल का? महिन्याला किती पैसे लागतील? आणि मुंबईतून निघण्याआधी काय काय करून ठेवायचं?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आधी देतो, कारण त्यात चूक झाली तर पुढचं सगळं अडकतं. केलमध्ये राहू नका आणि जर्मनीत काम करू नका. तिथं खरेदीला जा, फिरायला जा, फ्रायबुर्गच्या जर्मन विद्यापीठात लेक्चरला बसा. पण पत्ता, पगार, बँक आणि विमा या चारही गोष्टी ऱ्हाईनच्या फ्रेंच काठावरच ठेवा.

हा सल्ला अनेकांना पटत नाही, कारण तिथं सीमा डोळ्यांना दिसतच नाही. स्ट्रासबर्गची डी लाइनची ट्राम २०१७ पासून थेट केलला जाते. पूल ओलांडायला दोन-तीन मिनिटं लागतात. मुलुंडहून ठाण्याला जावं तसं लोक नदी ओलांडून शाम्पू आणि डिटर्जंट आणायला जातात. वर्गातली इटालियन किंवा पोलिश मैत्रीण खरोखर केलमध्ये राहत असते आणि तिचं काही अडत नाही. 'केलमध्ये स्वस्तात राहता येतं' ही माहिती तिथूनच पसरते. पण ती युरोपियन युनियनची नागरिक आहे, तिला कुठल्याही सदस्य देशात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क आहे. तुमच्याकडे फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल. त्यावर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे एकमेकांत सीमा खुल्या ठेवलेल्या युरोपीय देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत जाता येतं, तेही पाहुणे म्हणून. केलमध्ये भाड्यानं राहायचं तर तिथल्या नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी जर्मनीचा निवास परवाना लागतो, तो तुमच्याकडे नाही. उलट फ्रान्समध्ये पोहोचल्यावर ३ महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन 'व्हॅलिडेट' करावा लागतो आणि त्यात फ्रान्समधला पत्ता भरावा लागतो. आरोग्य विमा, बँक खातं, पुढच्या वर्षीचं राहण्याचं परमिट, सगळं त्याच पत्त्यावर उभं असतं. खोट्या पत्त्यावर हे उभं केलं तर नूतनीकरणाच्या वेळी वीजबिल किंवा भाडेपावती मागतात, आणि तिथं सगळं कोसळतं.

आणखी एक गोष्ट. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सगळ्या भू-सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. केलला जाणाऱ्या ट्राममध्येही पोलीस चढतात. रोज तपासतात असं नाही, पण ज्या दिवशी तपासतील त्या दिवशी मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो दाखवून भागत नाही. तुमच्या व्हिसाचं स्टिकर पासपोर्टवर असतं, त्यामुळे नदी ओलांडताना मूळ पासपोर्ट आणि व्हॅलिडेशनची पावती जवळ ठेवा. दाराजवळ पिशवी टांगून तिच्यातच दोन्ही ठेवायची सवय लावली तर विसरायला होत नाही.

कामाचं गणितही तसंच. फ्रान्समध्ये विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं, म्हणजे पूर्णवेळ कामाच्या ६० टक्के. आठवड्याला सरासरी साडेअठरा तास पडतात. हा परवाना फक्त फ्रान्समध्ये चालतो. केलच्या दुकानात शनिवारी चार तास कॅश काउंटरवर बसणं हेसुद्धा परवान्याविना काम ठरतं. फ्रान्समध्येही तासांचा हिशेब मालकावर सोडू नका. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींची बेरीज धरली जाते, आणि ती बेरीज करणारं दुसरं कुणी नसतं. दर महिन्याची पगारपत्रकं जपून ठेवा. अभ्यासक्रमाचा भाग असलेली इंटर्नशिप, जिच्यावर विद्यापीठ, कंपनी आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सह्या असलेला करार असतो, ती या ९६४ तासांत धरत नाहीत. तीच इंटर्नशिप जर्मन कंपनीत करायची असेल तर वेगळी परवानगी लागू शकते. विभागाच्या आंतरराष्ट्रीय संबंध कार्यालयाशी निदान चार महिने आधी बोला. सह्या झाल्यावर विचारलं तर उशीर होतो.

मुंबईतली कागदपत्रं

स्ट्रासबर्गमधले पहिले तीन महिने सुरळीत जाणार की ऑफिसांच्या चकरांत जाणार, हे निम्मं मुंबईतच ठरतं. सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आईचं असा क्रम असतो. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये कुणाचं फक्त स्वतःचं नाव, तर कुणाचं वडिलांच्या नावासकट असतं. फ्रेंच फॉर्ममध्ये आडनाव आणि नाव असे दोनच रकाने असतात. तिथं एका ठिकाणी वडिलांचं नाव घातलं आणि दुसऱ्या ठिकाणी गाळलं की संगणकाच्या लेखी तुम्ही दोन माणसं होता: विद्यापीठाचं ओळखपत्र एकाचं, आरोग्य विमा दुसऱ्याचा. उपाय साधा आहे. पासपोर्टवर जे जसं छापलंय ते तसंच, अक्षर न् अक्षर, 'एत्युद आं फ्रांस' या प्रवेश आणि व्हिसाच्या पोर्टलपासून घराच्या भाडेकरारापर्यंत सगळीकडे भरा. घरी आपल्याला काय हाक मारतात, दहावीच्या सर्टिफिकेटवर काय आहे, याचा इथं संबंध नाही.

दुसरा कागद जन्मदाखला. व्हिसासाठी त्याची फारशी विचारणा होत नाही, म्हणून मुलं तो नेत नाहीत. पण फ्रान्सच्या सामाजिक सुरक्षा यंत्रणेत कायमचा क्रमांक मिळवायला आई-वडिलांची नावं असलेला जन्मदाखला लागतो. मुंबई महापालिकेचे जुने दाखले काढून बघा: अनेकांवर बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, कारण नोंदणीच्या वेळी नाव ठेवलेलं नव्हतं. असा दाखला तिथं उपयोगाचा नाही. जन्म ज्या वॉर्डात नोंदला गेला त्या वॉर्ड ऑफिसात नाव घालून नवा दाखला काढायला वेळ लागतो, म्हणून हे काम व्हिसाची अपॉइंटमेंट घेण्याच्याही आधी सुरू करा. नवा दाखला हातात आला की आधी राज्य सरकारकडून साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का. क्रम उलटा चालत नाही. फ्रेंच भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच हवं. ते स्ट्रासबर्गला गेल्यावर केलं तरी चालतं. तिथं कोलमारच्या अपील न्यायालयाच्या यादीवरचा भाषांतरकार शोधायचा. अपोस्टिल मात्र तिथं बसून होत नाही. भाषांतर अपोस्टिल झाल्यानंतरच करा, म्हणजे शिक्क्याचंही भाषांतर होतं. आधी भाषांतर करून घेतलेले दोनदा पैसे देतात.

तिसरा मुद्दा निकालाचा. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लांबला तर तिथल्या नावनोंदणीच्या वेळी पदवीचा पुरावा मागतात, आणि पदवी प्रमाणपत्र तर दीक्षान्त समारंभानंतर मिळतं. निकाल लागताच पासिंग सर्टिफिकेट आणि सगळ्या सेमिस्टरचं ट्रान्सक्रिप्ट यांसाठी अर्ज करा. कलिनाच्या परीक्षा भवनात यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते. सीलबंद पाकिटाचे दोन जास्तीचे संच घ्या. आपल्या ग्रेडचं फ्रान्सच्या २० पैकी गुणांत रूपांतर स्वतःच्या मनानं करून कुठंही लिहू नका. मूळ गुण आणि मार्कशीटमागची ग्रेडिंगची पद्धत दिली की ते काय ते बघून घेतात.

व्हिसाचा मार्ग ठरलेला आहे: 'एत्युद आं फ्रांस' पोर्टलवर प्रवेश स्वीकारायचा, कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेची मुलाखत, त्यांची मंजुरी, मग व्हीएफएस या व्हिसा केंद्रात अर्ज. मुलाखतीत फ्रेंच येतं का हे फारसं बघत नाहीत. हाच कोर्स का आणि पुढं काय, एवढं स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. पैशांच्या पुराव्यासाठी महिना ६१५ युरो हा आकडा बरीच वर्षं चालत आलेला आहे. अर्ज भरायच्या दिवशी चालू नियम बघून घ्या. बँकेत अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकरकमी जमा झालेली रक्कम शंका निर्माण करते, शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र त्यापेक्षा बरं.

विमान पॅरिसचं घ्या किंवा फ्रँकफर्टचं, दोन्हीकडून स्ट्रासबर्ग गाठता येतं. पॅरिसहून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे पावणेदोन तासांत पोहोचवते. फ्रँकफर्टहून आलात तर फ्रान्समध्ये शिरल्याचा शिक्का पासपोर्टवर नसतो, म्हणून रेल्वे किंवा बसचं तिकीट जपा. व्हॅलिडेशनमध्ये प्रवेशाची तारीख विचारतात.

खोली, जामीनदार, पहिला महिना

सरकारी विद्यार्थी वसतिगृहं 'क्रूस' नावाची संस्था चालवते. खोली बहुतेकदा ९ चौरस मीटरची. ग्रँट रोडच्या चाळीतल्या खोलीएवढीही नाही, पण पलंग, टेबल, कपाट आणि हीटिंग असतं. जुन्या इमारतींत स्वयंपाकघर सामाईक असतं. पॉल आपेल हे वसतिगृह विद्यापीठाच्या एस्प्लानाद कॅम्पसच्या पायी अंतरावर आहे. भाडं साधारण २५० ते ४५० युरोंच्या दरम्यान, खोलीच्या प्रकारावर अवलंबून. शिष्यवृत्तीधारक आणि विद्यापीठांच्या देवाणघेवाणीतून आलेले विद्यार्थी यांना प्राधान्य असतं, म्हणून स्वतःहून आलेल्यांनी फक्त क्रूसच्या भरवशावर बसू नये. खासगी स्टुडिओ ५०० ते ६५० युरोंत मिळतो. दोघं-तिघं मिळून फ्लॅट घेतला तर माणशी ४०० च्या आसपास पडतं.

खासगी घरमालक फ्रान्समधला जामीनदार मागतो. तुमच्याकडे तो नसणार. त्यासाठी 'व्हिजाल' ही सरकारची मोफत हमी आहे, ३० वर्षांपर्यंतच्यांना मिळते. व्हिसा हातात आला की लगेच ऑनलाइन अर्ज करा, प्रमाणपत्र मिळाल्यावरच घरमालकाला फोन करा. भाडेकरार होण्याआधी, घर न बघता, कुणी 'डिपॉझिट पाठवा, चावी कुरियरनं येईल' म्हणालं तर तो फसवणारा आहे, याला अपवाद नाही. फर्निचर असलेल्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं घेता येतं. चावी घेताना घराच्या स्थितीचा कागद भरतात. भिंतीवरचा प्रत्येक डाग, सिंकची चीर, पडद्याचा तुटलेला हूक त्यात लिहून घ्या, फोटो काढा. जाताना डिपॉझिट याच कागदावरून कापतात. घराचा विमाही बंधनकारक आहे, तो महिन्याला काही युरोंतच होतो.

घरभाड्यासाठी 'काफ' या संस्थेकडून मिळणाऱ्या सरकारी मदतीबद्दल जुने विद्यार्थी भरभरून सांगतील. तुमच्या हिशेबात ती धरू नका. बिगरयुरोपीय विद्यार्थ्यांसाठी तिचे नियम कडक होत चालले आहेत. मिळाली तर उत्तम, पण तिच्या जोरावर महागडी खोली घेऊ नका.

आता महिन्याचा हिशेब. क्रूसच्या खोलीत राहून, घरी स्वयंपाक करून, ७०० ते ७५० युरोंत भागतं. खासगी स्टुडिओत ९५० धरा. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये पूर्ण जेवण स्वस्तात मिळतं: मुख्य पदार्थ आणि सोबत सॅलड, फळ किंवा गोड. एस्प्लानाद आणि गालिया या त्यातल्या नेहमीच्या जागा. पहिला महिना मात्र वेगळा असतो. भाडं, डिपॉझिट, घराचा विमा, अंथरूण-पांघरूण, भांडी आणि विद्यार्थी जीवनाचं वार्षिक शुल्क, ज्याला तिथं 'सेवेक' म्हणतात, साधारण १०० युरो. फ्रेंच बँक खातं उघडायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर सगळं फॉरेक्स कार्डावर. त्यावर १८०० ते २००० युरो असलेले बरे.

सेवेक भरल्याची पावती नसेल तर विद्यापीठ नावनोंदणी करत नाही. आणि नावनोंदणी दोन असतात, हे लक्षात ठेवा. पहिली प्रशासकीय: फी, विद्यार्थी ओळखपत्र, ज्याला तिथं 'पास कॅम्पस' म्हणतात. दुसरी शैक्षणिक: कुठले विषय, कुठला गट, कुठलं प्रॅक्टिकल. पहिली झाली की ओळखपत्र मिळतं, लायब्ररीत जाता येतं, सगळं झालं असं वाटतं. दुसरी राहिली तर परीक्षेच्या यादीत नाव नसतं, आणि हे डिसेंबरात कळतं. विद्यापीठाच्या 'एर्नेस्ट' या पोर्टलवर आपल्या विषयांची यादी सप्टेंबरअखेर स्वतः उघडून बघा.

अभ्यास

मुंबईच्या सवयीनं सेमिस्टरच्या शेवटी तीन आठवडे रात्रंदिवस अभ्यास केला की पास, हे इथं जमत नाही. गुण सेमिस्टरभर विखुरलेले असतात: छोट्या चाचण्या, प्रयोगांचे अहवाल, सादरीकरण. मोठ्या सभागृहातल्या व्याख्यानाला हजेरी बहुधा घेत नाहीत, पण छोट्या गटांच्या तासांना आणि प्रॅक्टिकलला घेतात. चाचणीला कारणाशिवाय गैरहजर राहिलात तर शून्यापेक्षा वाईट परिस्थिती होऊ शकते. शून्य असेल तर दुसऱ्या विषयाच्या गुणांनी सरासरी सावरता येते, पण विनाकारण गैरहजेरीचा शेरा पडला की काही कोर्समध्ये सरासरीच काढत नाहीत. आजारी पडलात तर डॉक्टरचा दाखला त्याच दिवशीचा हवा, आणि तो बहुतेक ठिकाणी थोड्या दिवसांतच ऑफिसला द्यावा लागतो.

गुण २० पैकी. १० ला पास, १२ ठीकठाक, १४ चांगले, १६ च्या वर फार थोडे. घरी आधीच सांगून ठेवा. २० पैकी १३ म्हणजे ६५ टक्के असा हिशेब करून आई-बाबा काळजीत पडतात, आणि प्रत्यक्षात १३ वर्गात बऱ्यापैकी वरचे असतात. एका सेमिस्टरचे ३० क्रेडिट. परमिटच्या नूतनीकरणाच्या वेळी अभ्यासात प्रगती आहे का हे बघतात, म्हणून एखादा विषय राहिला तर चालतं, पण कारणाशिवाय वर्ष वाया गेलं तर स्पष्टीकरण द्यावं लागतं.

सीमेवर असल्याचा खरा शैक्षणिक फायदा म्हणजे 'युकॉर'. स्ट्रासबर्ग, फ्रायबुर्ग, बाझेल, म्युलूज-कोलमारचं ओत-अल्सास आणि कार्ल्सरूह, अशा तीन देशांतल्या पाच विद्यापीठांची ही संघटना आहे. एका ठिकाणची फी भरून दुसऱ्या ठिकाणचे विषय घेता येतात. क्रेडिट तुमच्या पदवीत धरायचे असतील तर विषय निवडण्याआधी आपल्या कोर्सप्रमुखाची लेखी संमती घ्या. फ्रायबुर्गला जायला केलहून ऑफेनबुर्गला गाडी बदलावी लागते. जर्मन सेमिस्टर ऑक्टोबरच्या मध्यावर आणि एप्रिलच्या मध्यावर सुरू होतो, फ्रेंच सेमिस्टर सप्टेंबर आणि जानेवारीत. त्यामुळे परीक्षांच्या तारखा एकमेकींवर आदळतात. आठवड्यातला एकच दिवस तिकडे ठेवा, आणि तोही दुसऱ्या सेमिस्टरपासून.

बसून अभ्यास करायला घरापेक्षा ग्रंथालय बरं. प्लास दला रेपुब्लिकवरचं राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालय घुमटाखाली बसून वाचण्याजोगं आहे. १८७० च्या तोफमाऱ्यात शहराचं जुनं ग्रंथालय जळून गेलं, त्यानंतर हे उभं राहिलं.

भाषा आणि माणसं

कोर्स इंग्रजीत असला तरी बँक, डॉक्टर, वसतिगृहाचं ऑफिस, इंटरनेट कंपनीचा फोन, सगळं फ्रेंचमध्ये. ए-१ वर निघालात तर दर वेळी कुणाला तरी सोबत न्यावं लागेल. मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमधल्या अलियाँस फ्रान्सेजमध्ये निघेपर्यंत निदान ए-२ पुरं करा. तिथं गेल्यावर विद्यापीठाची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची फ्रेंच भाषेची संस्था आहे, तिच्या संध्याकाळच्या वर्गांच्या जागा सप्टेंबरातच भरतात. दुकानात, ऑफिसात, बसमध्ये चढताना आधी 'बोंझूर'. ते न म्हणता थेट कामाचं विचारलं की समोरचा तुटक बोलतो आणि आपल्याला वाटतं परदेशी म्हणून बोलला. जर्मन शिकायची हौस असेल तर ती पहिल्या वर्षानंतर. दोन्ही भाषा एकदम सुरू केल्या की दोन्ही अर्धवट राहतात. केलच्या दुकानांत फ्रेंचवर भागतं.

शहर १८७१ मध्ये जर्मनीकडे गेलं, १९१८ मध्ये फ्रान्सकडे परतलं, १९४० मध्ये नाझी जर्मनीनं गिळलं, १९४४ च्या नोव्हेंबरात मुक्त झालं. एकाच आयुष्यात चार वेळा देश बदललेली माणसं तिथं होऊन गेली. तुम्ही कँटीनला जिथं जेवाल ती गालिया इमारत बांधली तेव्हा जर्मानिया होती, नाव पहिल्या महायुद्धानंतर बदललं. जुन्या भागात रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंच नावाखाली अल्सासी, म्हणजे अल्सास या तिथल्या प्रांताच्या, बोलीतलं नाव दिसेल. एक विनंती: तिथल्या म्हाताऱ्या माणसांना 'तुम्ही मुळात फ्रेंच की जर्मन?' असं गमतीनंही विचारू नका. १९४२ पासून इथल्या तरुणांना जबरदस्तीनं जर्मन सैन्यात भरती केलं गेलं, अनेक परत आले नाहीत. ते घराघरातलं दुखणं आहे. ते स्वतः बोलतील तेव्हा ऐका.

या इतिहासाचा रोजच्या जगण्यावरही परिणाम आहे. अल्सासमध्ये काही बाबतींत वेगळा स्थानिक कायदा चालतो. बाकी फ्रान्सला नसलेल्या दोन सुट्ट्या इथं आहेत: गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर. रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा नियमही इथं जास्त कडक. म्हणून किराणा शनिवारीच भरा. मात्र सीमेचा इथं उपयोग होतो: ८ मे, १४ जुलै आणि ११ नोव्हेंबरला फ्रान्समध्ये सुट्टी असते तेव्हा केलची दुकानं उघडी असतात. उलट ३ ऑक्टोबरला आणि ६ जानेवारीला केल बंद आणि स्ट्रासबर्ग चालू. रविवारी केललाही काही मिळत नाही, तेव्हा त्या आशेवर ट्राममध्ये बसू नका. साबण, शाम्पू, सॅनिटरी पॅड, डिटर्जंट तिकडे स्वस्त पडतात. ब्रेड, चीज, भाजी इकडेच घ्या.

स्वयंपाकघर

खोलीत गॅस नसतो, विजेची शेगडी असते, कधी इंडक्शन. कुकर नेणार असाल तर इंडक्शन बेसचा तीन लिटरचा न्या आणि सोबत दोन जादा गास्केट व एक सेफ्टी व्हॉल्व्ह. आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही, गोल दोन पिनांचा बारीक जातो. मिक्सर न्यायच्या फंदात पडू नका. प्रत्येक घरात धुराचा डिटेक्टर असणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि हिंग-मोहरीची फोडणी त्याला आग वाटते. खिडकी आधी उघडा, तेल कमी आचेवर तापवा, लाल मिरची फोडणीत टाकण्याऐवजी शेवटी घाला. डिटेक्टरवर पिशवी बांधणारे असतात. वसतिगृहाच्या तपासणीत ते सापडलं तर प्रकरण गंभीर होतं. गोडा मसाला, कोकम, मेतकूट न्या. तूरडाळ, तांदूळ, पीठ आशियाई दुकानांत मिळतं. दूध-तुपाचे पदार्थ मात्र सामानात घालू नका, युरोपबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. आईनं दिलेला तुपाचा डबा कस्टममध्ये जातो.

शाकाहारी असाल तर स्थानिक पदार्थ जपून. फ्लामकुखन, म्हणजे तिथली पातळ कुरकुरीत रोटीसारखी तार्त फ्लांबे, नेहमीच्या प्रकारात डुकराच्या मांसाचे तुकडे घालूनच येते. शुक्रूत म्हणजे आंबवलेला कोबी, तोही सॉसेजसकट. ऑर्डर देताना 'सां व्हियांद' (मांसाशिवाय) म्हटलं तरी काही ठिकाणी बेकनला मांस धरत नाहीत. 'सां लार्दों' (बेकनच्या तुकड्यांशिवाय) असं वेगळं सांगा.

तब्येत, थंडी, सायकल

पोहोचल्यावर सामाजिक सुरक्षेच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या पोर्टलवर नोंदणी करा, ती मोफत आहे. एक डॉक्टर आपला 'ठरलेला डॉक्टर' म्हणून नोंदवा, नाहीतर परतावा बराच कमी मिळतो. सरकारी परतावा साधारण ७० टक्के, उरलेल्यासाठी पूरक विमा ऐच्छिक. जर्मनीत अचानक आजारी पडल्यास उपयोगी पडणारं युरोपियन आरोग्य कार्ड याच यंत्रणेकडून मागवता येतं. बाझेलला जाताना मात्र वेगळा प्रवास विमा काढा. आणि मोबाइलचा डेटा बंद ठेवा: स्वित्झर्लंड युरोपियन युनियनच्या रोमिंगमध्ये नाही, एका दुपारचं बिल महिन्याच्या जेवणाएवढं येऊ शकतं.

थंडीचे कपडे मुंबईतून नेऊ नका. मुंबईत मिळणारी जॅकेटं तिथल्या शून्याखालच्या, दमट थंडीला पुरत नाहीत. थर्मल दोन जोड न्या, बाकी तिथं सेकंडहँड दुकानांतून घ्या. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. थंडीपेक्षा या अंधारानंच मन जास्त खचतं. दुपारी तासभर बाहेर चालणं, आणि आठवड्यातून एकदा कुणाबरोबर तरी जेवणं, हे औषधासारखं पाळा. फार जड वाटलं तर विद्यापीठाच्या आरोग्य सेवेत मानसोपचारतज्ज्ञ भेटतात.

शहर सपाट आहे आणि सायकलसाठी ६०० किलोमीटरहून जास्त मार्ग आहेत. 'व्हेलॉप' या शहराच्या सायकल सेवेची सायकल महिन्याच्या भाड्यानं घ्या, कुलूप मात्र दोन लावा, एक चाकाला आणि एक फ्रेमसकट खांबाला. रात्री दिवा नसेल तर दंड होतो. ट्रामचे रूळ तिरके ओलांडू नका. पावसात चाक रुळाच्या खाचेत अडकून पडणाऱ्यांत नवखे विद्यार्थीच जास्त असतात.

आणि जर सप्टेंबरात खोली न मिळता तात्पुरतं कुठं राहायची वेळ आली, तर युरोपियन संसदेच्या अधिवेशनाच्या तारखा आधी बघा. वर्षातून बारा वेळा चार-चार दिवस संसद स्ट्रासबर्गला भरते आणि त्या आठवड्यात हॉटेलांचे दर दुप्पट होतात. नोव्हेंबरअखेर ते २४ डिसेंबर नाताळबाजाराची गर्दी, तेव्हा तर तात्पुरती खोली विसराच. अशा वेळी केलमधल्या लॉजमध्ये चार रात्री काढणं अगदी कायदेशीर आहे: ते ९० दिवसांत बसतं. पावती जपून ठेवा.